उलटा खिळा

बाड्यावरचा आमचा छापखाना आता म्युझियम झालाय.
वीस रुपये तिकीट. ज्येष्ठांना दहा.
चौकीदारानं वहीत माझं नाव लिहिलं: मुलये.
मी काही बोललो नाही.
ग्वाल्हेरात मुळ्यांचे मुलये होऊन
तीन पिढ्या झाल्या. राशन कार्डावर, मतदार यादीत,
पेन्शनच्या चोपडीत आम्ही मऊच आहोत.

दगड घासून घासून असा पिवळा केलाय
की पहिल्यांदाच कळलं, या भिंतींना रंग होता.
आमच्या वेळी त्या शाईच्याच होत्या.
जिथं ट्रेडल धडधडायचं तिथं एसी,
जिथं घुले फोरमन तंबाखू थुंकायचे
तिथं पितळी खांब, मखमली दोर,
पलीकडे जाण्यास मनाई.
चाळीस वर्षं मी पलीकडेच होतो.

माहिती सांगायला एक पोरगं, कुशवाहांचं.
"बाबूजी, इस केस में अक्षर रहते थे।"
रहते थे, म्हणाला. भाडेकरूंसारखे.
माझा हात आपोआप उठला.
काना मधोमध, हाताशी, कारण तो सतत लागतो.
आणि पार वरच्या कोपऱ्यात, धुळीत, ळ.
हिंदी गॅझेटला त्याचं काम नसे.
होते सगळे मिळून सात की आठ.

शेवटच्या काचेखाली एक बांधलेला फर्मा.
सुतळी तीच. गाठ माझी.
शेजारी पाटी: दरबारी जाहीरनामा, काळ अज्ञात.
लोक वाकतात, फोटो काढतात, पुढे जातात.
शिशातली अक्षरं उलटी, कोण वाचणार?
मी वाचलं, उजवीकडून डावीकडे,
माणूस आपल्या घरचा जिना उतरतो तसं,
न बघता.

आमचे येथे श्रीकृपेकरून
आमची कन्या चि. सौ. कां. शरयू
हिचा शरीरसंबंध उज्जैन येथील...

सरकारी शिसं, सरकारी शाई,
रात्रपाळी, दार आतून लावलेलं.
स्थळ दौलतगंज. वार मंगळवार.
खाली 'वे', आणि त्याच्यापुढे
एक खिळा, पाय वर.

"ये टूटा हुआ है?" पोरानं विचारलं.
नाही रे. अक्षर कमी पडलं की त्या जागी
दुसरा कुठलाही खिळा उलटा लावायचा.
प्रूफात काळा डाग उमटतो.
विसरायला होत नाही.
"कौन सा कम पड़ा?"
ळ.
"वो क्या होता है?"
जीभ मागं दुमड, टाळूला लाव, सोड.
ल, म्हणाला. मग ड़. मग हसला.
मागच्या दोन बायकाही तोंडातल्या तोंडात
करून बघायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी उज्जैनहून तार आली होती.
काय लिहिलं होतं, घुल्यांनी सांगितलं नाही.
"राहू दे तसाच," एवढंच म्हणाले.
खिळे आपापल्या घरात परत टाकायला
कोणाचा हात उठला नाही.
शरयू पुढे भोपाळला मास्तरीण झाली, असं ऐकलं.
माझं तिच्याशी एकूण बोलणं चार-पाच वाक्यं,
वडलांचा डबा घेऊन यायची तेव्हा.
त्यातही दोन डब्याबद्दल.

"फिर मिला वो अक्षर?"
नहीं बेटा. ख़तम हो गया था.
हेच त्या रात्री घुल्यांनाही सांगितलं होतं.
त्यांनी केसचं घर न् घर चाचपलं,
कंदील माझ्या हातात देऊन,
माझ्या खिशापासून वीतभर अंतरावर.

बाहेर आलो तर दिवे लागलेले.
आता खालून वर लावतात,
इमारती कुणी हनुवटी उचलल्यासारख्या दिसतात.
पावकिलो गजक घेतली, टेम्पो पकडला.

तो आहे अजून. सुपारीच्या डब्यात, लवंगांखाली.
सून अधूनमधून म्हणते,
अण्णा, हे काय लोखंड ठेवलंय इथं,
एखाद्या दिवशी कुणाच्या तरी दाताखाली येईल.